आठ ओळींचं मत

आमच्या भागात दहावीनंतर पोरांची वाटणी होते. ज्याला गणित येतं तो सायन्सला जातो, ज्याच्या चुलत्याचं दुकान आहे तो कॉमर्सला जातो आणि उरलेले आर्ट्सला येतात. आर्ट्सला आलेल्यांतही पुन्हा वाटणी होते, कारण भूगोलाला प्रॅक्टिकल असतं, नकाशे रंगवावे लागतात, वही पुरी करावी लागते. एवढंही ज्याच्या जिवावर येतं तो इतिहास घेतो. अशा पोरांना मी एकतीस वर्षं इतिहास शिकवला. परांडा तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीचा इतिहास मी एकटाच बघायचो, त्यामुळं गावात मला नावानं कुणी ओळखत नाही. भाजीवालीसुद्धा 'इतिहासवाले सर' म्हणून कोथिंबीर देते.

पोरं आपण होऊन इतिहासाकडं येतात असा कुणाचा समज असेल तर तो काढून टाका. तुकडी टिकवायची तर पटावर पोरं लागतात. ती कमी पडली की मास्तर 'अतिरिक्त' ठरतो आणि लांब कुठंतरी फेकला जातो. म्हणून दहावीचा निकाल लागला की मी आणि आमचे भूगोलवाले सर गावोगाव फिरायचो. मोटारसायकल एकच, पोरं मात्र ज्याची त्याची. एकदा सोनारीत एका घरी गेलो. बाप म्हणाला, "इतिहास घिऊन काय हुतंय सर?" मी काही बोलायच्या आत भूगोलवाले म्हणाले, "पोलीस भरतीत भूगोलाचे प्रश्न येतात." मी म्हणालो, "इतिहासाचेही येतात. शिवाय नकाशा काढावा लागत नाही." इतका वेळ मोबाइलात तोंड घालून बसलेल्या पोरानं तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. त्या एका 'शिवाय'वर माझी तुकडी एकतीस वर्षं उभी राहिली.

बाहेरच्या माणसाला वाटतं, इतिहासाचा पेपर म्हणजे सनावळी. तसं आता राहिलेलं नाही. कारणं द्या, संकल्पनाचित्र पूर्ण करा, टीपा लिहा, असे प्रश्न असतात. हे सगळं पाठ करता येतं. पण नव्या पद्धतीत एक प्रश्न असा आला की पोरं पुस्तकाची पानं उलटीसुलटी करायला लागली. प्रश्न होता, 'तुमचे मत नोंदवा'. एका पोरानं हात वर करून विचारलं, "सर, मताचं उत्तर पुस्तकात कुठल्या पानावर हाय?"

मी म्हणालो, "मत पुस्तकात नसतं."

"मग कुठनं आणायचं?"

त्याला उत्तर देण्यात तास गेला असता आणि अभ्यासक्रम मागं पडला होता. मी खडू घेतला आणि फळ्यावर मत लिहून दिलं. सुरुवातीला धड्यागणिक एक मत देत होतो, पण पोरं गोंधळायची. युरोपातल्या प्रबोधनाचं मत शीतयुद्धाला लावायची. मग एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मी डोकं खाजवून सगळ्या धड्यांना चालेल असं एकच मत तयार केलं. ते असं होतं:

'माझ्या मते ही इतिहासातील अत्यंत महत्त्वाची घटना आहे. तिच्यामागे राजकीय, सामाजिक व आर्थिक कारणे होती. ती एका दिवसात घडली नाही. तिचे काही चांगले व काही वाईट परिणाम झाले. ते परिणाम दूरगामी होते. सामान्य माणसाच्या जीवनावरही त्यांचा प्रभाव पडला. या घटनेतून आपण बोध घेतला पाहिजे. म्हणून तिचा अभ्यास आजही आवश्यक आहे.'

मोजून आठ ओळी. हे मत फ्रेंच राज्यक्रांतीला लागू पडतं, दुसऱ्या महायुद्धाला पडतं आणि खरं सांगायचं तर आमच्या स्टँडवरची मुतारी पाडली त्यालाही पडतं. तपासणाऱ्याला खोट काढता येत नाही, त्यामुळं चारातले अडीच मार्क कुठं जात नाहीत. मला त्या आठ ओळींचा फार अभिमान होता. इतर कॉलेजांचे मास्तर त्या उतरवून न्यायचे.

आणि त्याच ओळींपायी मला एकदा चौकशीला उभं राहावं लागलं. एका वर्षी आमच्या केंद्रावरच्या सगळ्या पेपरांत शब्दाला शब्द तेच मत निघालं आणि सामूहिक कॉपीचा संशय आला. टेबलापलीकडं तिघं जण बसले होते. एकानं पहिला पेपर वाचला, मग दुसरा, मग तिसरा. पाचव्या पेपराला मधल्या साहेबांचे ओठ आपोआप हलायला लागले.

"कॉपी कुणी पुरवली?" त्यांनी विचारलं.

"कॉपी नाही साहेब. पाठ आहे."

"अहो, पण मत आहे ना हे? सगळ्यांचं एकच कसं?"

"शिकवलंय साहेब."

त्यांनी माझ्यापुढं कोरा कागद सरकवला. मी न थांबता आठही ओळी लिहून दिल्या, तेव्हा कुठं त्यांची खात्री पटली. तंबी देऊन सोडलं. बाहेर पडताना त्यातलेच एक जण हळूच म्हणाले, "सर, पुढच्या वर्षी निदान चार तरी वेगळी मतं द्या." मी तो सल्ला मानला. त्याच आठ ओळी खालीवर करून चार मतं बनवली आणि हजेरी क्रमांकाप्रमाणं वाटून दिली. एक ते दहा क्रमांकाला पहिलं मत, अकरा ते वीसला दुसरं. एखादं पोर गैरहजर राहिलं तर शेजारचा म्हणायचा, "सर, त्याचं मत घ्यायचं राहिलंय."

असं बरं चाललं होतं. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना छबूबाई आल्या.

त्या दिवशी बाजार होता. मी वर्गात एकटाच पेपर तपासत बसलो होतो. दारात चपला काढून पंचेचाळिशीच्या एक बाई आत आल्या. हातात भाजीची पिशवी होती. कोणाची तरी आई असणार म्हणून मी विचारलं, "कुणाच्या पालक?"

"पालक न्हाय सर. म्याच हाय," असं म्हणून त्यांनी पिशवीतल्या गवारीखालून कागदांची चवड काढली. ती त्यांच्या बारावीच्या इतिहासाच्या पेपराची छायाप्रत होती. त्या सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसल्या होत्या. मराठीत पास, समाजशास्त्रात पास, इंग्रजीतसुद्धा पास. इतिहासात अठ्ठावीस.

"गावात समदी हसत्यात," छबूबाई म्हणाल्या. "इंग्रजीत पास झालीस आन् इतिहासात कशी गं नापास? आता त्यास्नी काय सांगू? इंग्रजीत मला काय बोलायचंच नव्हतं सर, म्हणून पास झाले."

त्या सोनारीजवळच्या एका लहान गावात अंगणवाडीच्या मदतनीस होत्या. म्हणजे पोरांना घरून आणायचं, खिचडी शिजवायची, नाकं पुसायची. वीस वर्षं हे काम करत होत्या. त्यांच्या अंगणवाडीच्या सेविका दोन वर्षांनी निवृत्त होणार होत्या. तोवर मदतनीस बारावी पास झाली तर जागेवर तिचा हक्क पहिला, नाहीतर दुसरी कुणी भरणार. ती दुसरी कोण असणार हेही गावाला माहीत होतं. मंगल नावाची त्यांच्याच गल्लीतली पोरगी बारावी होऊन तयारच बसली होती.

"मंगलला म्या मांडीवर खिचडी चारलीय सर," छबूबाई म्हणाल्या. "उद्या ती खुर्चीवर बसून मला म्हननार, छबू, हंडा घास. मला त्ये चालनार न्हाय."

मी पेपर उघडला. पहिले दोन प्रश्न बरे होते. पुढं 'हैदराबाद मुक्तिसंग्रामातील स्त्रियांच्या सहभागाविषयी तुमचे मत नोंदवा' असा प्रश्न होता आणि तिथून बाईंची गाडी जी सुटली ती साडेपाच पानं थांबलीच नव्हती. त्यापुढची पानं कोरी. वेळ संपला होता. त्या एका उत्तराला चारातले साडेतीन मार्क होते आणि बाकी अर्ध्या पेपराला काहीच नाही.

साडेपाच पानांत त्यांनी आपल्या आजेसासूची हकिकत लिहिली होती. निजामाच्या राज्याची हद्द त्यांच्या गावाच्या शिवेवर संपायची. पलीकडं लढणाऱ्या लोकांची शिबिरं होती. आजेसासू गोवऱ्यांच्या पाटीत तळाला भाकरी ठेवून, गोवऱ्या विकायच्या निमित्तानं रोज हद्द ओलांडायची. एक दिवस शिबिरातल्या एका शिकल्या-सवरल्या गड्यानं भाकरीला शेणाचा वास येतो म्हणून तोंड वाकडं केलं. आजेसासू त्याला म्हणाली, "उद्यापास्नं तुझ्या भाकरीवर गोवऱ्या ठिवत न्हाय, वर तूच येऊन बस." इथं मी हसलो. मग तेवढंच पुन्हा एकदा वाचलं. एकोणतीस वर्षांत हा धडा मी तितक्याच वेळा शिकवला होता आणि हद्द ओलांडून गेलेल्या भाकरीचा वास माझ्या वर्गात कधी आला नव्हता.

पण मी मास्तर. मास्तरला मार्क दिसतात. मी म्हणालो, "छबूबाई, चार मार्कांच्या प्रश्नाला आठ ओळी. एक ओळ जास्त नाही." आणि माझं ते जगप्रसिद्ध मत त्यांच्यापुढं ठेवलं.

त्यांनी ते दोनदा वाचलं. "सर, हे कुणाचं मत हाय?"

"कुणाचंही नाही. पेपरापुरतं आहे."

"मग वर 'माझ्या मते' कशाला लिवलंय?"

मला राग आला. "तुम्हाला पास व्हायचंय का इतिहास दुरुस्त करायचाय?"

"दोन्ही," त्या म्हणाल्या.

त्यानंतर दर बाजारच्या दिवशी त्या यायला लागल्या. सायन्सची पोरं खिडकीतून बघून जायची. बाकी सगळं त्यांनी भराभर आत्मसात केलं. वसाहतवाद तर त्यांना एका तासात कळला. म्हणाल्या, "म्हंजे आधी वजनकाटा घिऊन आले, मग तलवार." पण मत पाठ होईना. पुढच्या परीक्षेत त्यांनी माझ्या दोन ओळी लिहिल्या, त्यांवर काट मारली आणि पुन्हा स्वतःची चार पानं लिहिली. एकतीस मार्क पडले. चार कमी पडले. तो निकाल बघून मी त्यांच्यावर असा ओरडलो, जसा कुठल्या पोरावरही कधी ओरडलो नसेन. चपला घालताना त्या एवढंच म्हणाल्या, "खोटं लिवताना हात थांबतुया सर, त्याला म्या काय करू?"

त्या वाक्यानं मला आठ दिवस चैन पडलं नाही. पुढच्या बाजाराला त्या येतील की नाही याची धाकधूक होती. आल्या. मी फळ्यावरचं मत पुसलं आणि म्हणालो, "मत तुमचं, माप माझं. बोला, तुम्हाला काय वाटतं?"

हा प्रश्न मी नोकरीत पहिल्यांदाच कुणाला तरी विचारत होतो, हे तेव्हा माझ्याही लक्षात आलं नाही.

मग आजेसासूला आठ ओळींत बसवायचा सराव सुरू झाला. पहिल्या दिवशी पहिलीच ओळ पानभर गेली. मी विचारलं तर म्हणाल्या, "ओळ म्हंजे वाक्य धरलं सर. वाक्य अजून संपलं न्हाय." मग मी बोटांवर मोजायची युक्ती काढली. एक वाक्य झालं की एक बोट मिटायचं, आठवं मिटलं की पेन खाली. तीन बाजार आम्ही नुसती काटछाट करत होतो. मी म्हणालो, शेणाच्या वासाचं वाक्य काढा, त्याला मार्क नाहीत. त्या म्हणाल्या, "वास काढला तर आजेसासू कुठं राहिली?" मी पुन्हा वाचून बघितलं. खरंच राहत नव्हती. वास ठेवला आणि सनावळीचं वाक्य काढलं. इतिहासाच्या मास्तरानं सन काढून शेण ठेवावं, हे चौकशीवाल्या साहेबांना कळलं असतं तर या खेपेला तंबीवर भागलं नसतं.

परीक्षेचा दिवस आला. आपल्या विषयाला आपण पर्यवेक्षक नसतो, म्हणून मी फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर बसून राहिलो. तीन तासांत पाच चहा झाले. छबूबाई बाहेर आल्या आणि पहिलंच वाक्य म्हणाल्या, "आजेसासू आलीच न्हाय सर."

मताचा प्रश्न शीतयुद्धावर आला होता. दोन महासत्तांच्या भांडणात अलिप्त राहिलेल्या देशांविषयी मत विचारलं होतं.

"मग काय केलंत?"

"लिवलं की. भावकीत दोन घरं भांडत्यात तवा तिसऱ्यानं दोघांकडं च्या प्यावा, पर वाटणीच्या कागदावर सही करू नये. म्हंजे दोघंबी बोलवत्यात आन् कुनाचंच मिंधं राहावं लागत न्हाय."

"किती ओळी?"

त्यांनी दोन्ही हात वर केले. "सात. पेपर समदा लिवून पंधरा मिन्टं उरली."

मला हसावं की रडावं कळेना. उत्तर नामी होतं, पण तपासणारा माझ्यासारखाच निघाला तर? आठ ओळींचं मत शोधत बसणारा आणि भावकीवर लाल रेघ मारणारा? मार्च, एप्रिल आणि अख्खा मे मी त्या तपासणाऱ्याला मनातल्या मनात विनवत होतो.

माझी निवृत्ती एकतीस मेला होती. आमच्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजींनी निम्म्या गावाला एक जूनला जन्माला घातलं. माझी आई म्हणते, मी ज्वारीच्या काढणीत झालो. म्हणजे जन्मभर इतिहास शिकवणाऱ्या माणसाची स्वतःची जन्मतारीखच खोटी, आणि तिच्यावर तो निवृत्त झाला. योगायोग असा, की निरोप समारंभ आणि बारावीचा निकाल एकाच दिवशी आला. समारंभ अकराला, निकाल एकला.

प्राचार्यांचं भाषण झालं. मग विद्यार्थ्यांच्या वतीनं पूनम नावाची मुलगी बोलायला उभी राहिली. हुशार मुलगी, अक्षर मोत्यासारखं. माईक नीट करून ती म्हणाली, "माझ्या मते सर ही आपल्या महाविद्यालयाच्या इतिहासातील अत्यंत महत्त्वाची घटना आहे. सरांच्या मागे राजकीय, सामाजिक व आर्थिक कारणे होती. ते एका दिवसात घडले नाहीत."

भूगोलवाल्या सरांनी तोंडाला रुमाल लावला.

"सरांचे काही चांगले व काही वाईट परिणाम झाले," पूनम पुढं म्हणाली. शेवटी माझा अभ्यास आजही आवश्यक असल्याचं सांगून ती बसली. टाळ्या पडल्या. मग दुसरा विद्यार्थी उठला. तो हजेरी क्रमांक अकराच्या पुढचा असावा, कारण त्यानं दूरगामी परिणामांपासून सुरुवात केली. तिसऱ्याच्या वेळी भूगोलवाले सर उठून बाहेर गेले आणि व्हरांड्यातून त्यांचं खोकल्यासारखं हसू ऐकू येत राहिलं. मी हार घालून बसलो होतो. मला उठून जाता येत नव्हतं. लाज वाटली, आणि ती लपवायला जागा नव्हती.

एक वाजला आणि सभा मोडली. ज्याच्या हातात मोबाइल तो रेंजसाठी मैदानातल्या लिंबाकडं पळाला. छबूबाई मागच्या बाकावर बसल्या होत्या, कपाळाला हात लावून. त्यांचा परीक्षेचा नंबर पूनमकडं होता. मीही हारासकट लिंबाखाली गेलो. मोबाइलवर नुसतं गोल फिरत होतं, फिरत होतं. मग पूनम ओरडली, "छबूमावशी! इतिहास एकावन्न!"

छबूबाई उठून दारापर्यंत आल्या होत्या, तिथूनच म्हणाल्या, "शंभरात?"

"शंभरात!"

"म्हंजे पास?"

सगळी पोरं एकदम ओरडली. छबूबाई पायरीवर खाली बसल्या आणि पदर डोळ्यांना लावला. माझंही नाक वाहायला लागलं. भूगोलवाल्या सरांनी तोच मघाचा रुमाल माझ्या हातात दिला.

सभा पुन्हा भरली तेव्हा पोरांनी छबूबाईंना बळंच माईकपुढं उभं केलं. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि उजवा हात वर केला.

"माझ्या मते सर मानूस चांगला हाय." अंगठा मिटला. "फळ्यावरचं त्यांचं अक्षर लई घाण हाय." दुसरं बोट. "एवढी वर्सं त्यांनी पोरांना मत सांगितलं, इचारलं न्हाय." तिसरं. "आत्ता ही पोरं जे बोलली त्यात त्यांची चूक न्हाय, सरांची हाय." चौथं बोट मिटलं. "मला इचारलं, त्ये बी म्या दोनदा नापास झाल्यावर." पाचवं. मग डावा हात वर आला. "पर इचारलं, तवा म्या पास झाले." सहावं. "आता मंगलच्या हाताखाली जायाचं टळलं, ह्ये लई बेस झालं." सातवं.

त्या थांबल्या. "आठवी राहू द्या. थोडा येळ शिल्लक ठिवावा, असं सरांनीच शिकीवलंय."

आणि जागेवर जाऊन बसल्या.

मग माझं नाव पुकारलं. मी खिशातून भाषणाचा कागद काढला. आदल्या दिवशी बसून लिहिला होता. पहिली ओळ होती, 'निवृत्ती ही माणसाच्या जीवनातील अत्यंत महत्त्वाची घटना आहे.' पुढं वाचायची गरज नव्हती, मला पाठ होतं. कागद घडी करून परत खिशात ठेवला. समोर छबूबाईंनी दोन्ही हात वर केले, दोन बोटं मिटलेली. आठ.

मी बोलायला लागलो. पहिली ओळ बरी गेली. दुसरीत पोरांची माफी मागितली. तिसरीत आजेसासू आली, शेणाच्या वासासकट. चौथीत काय म्हणालो ते आठवत नाही. पाचवीच्या जागी नुसताच नमस्कार केला आणि खाली बसलो.

चार ओळी राहिल्या होत्या. त्या आता लिहून टाकाव्यात म्हणून बसलो, आणि बघा किती पानं झाली.